पॅरिस मास्टर्सचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास टेनिसच्या बातम्यांत पॅरिसचं नाव झळकायला लागलं की काही ठरावीक प्रश्न हमखास येतात. फ्रेंच ओपन तर जूनमध्येच संपलं, मग हे काय? नदालचं नाव विजेत्यांच्या यादीत कसं नाही? आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी भलताच खेळाडू इथं जिंकतो तो कसा? त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं उत्तर लांबलं आहे.

पॅरिस मास्टर्स आणि फ्रेंच ओपन एकच का?

नाही. फ्रेंच ओपन मे-जूनमध्ये रोलाँ गॅरोसच्या लाल मातीवर दोन आठवडे चालतं. ते ग्रँड स्लॅम आहे आणि त्यात पुरुषांचे सामने पाच सेटचे असतात. पॅरिस मास्टर्स ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, छपराखाली, हार्ड कोर्टवर होते. ही फक्त पुरुषांची स्पर्धा आहे, सामने तीन सेटचे असतात आणि एका आठवड्यात सगळं आटोपतं. विजेत्याला क्रमवारीचे १००० गुण मिळतात. ग्रँड स्लॅमला २००० मिळतात.

दोन्ही स्पर्धांचा आयोजक मात्र एकच, फ्रेंच टेनिस महासंघ. गंमत अशी की २०२५ साली याच महासंघानं रोलाँ गॅरोसवर रेषेवरचे पंच कायम ठेवले आणि पॅरिस मास्टर्समध्ये मात्र एटीपीच्या (पुरुषांचं व्यावसायिक टेनिस चालवणारी संघटना) नियमानुसार सगळे निर्णय यंत्रावर सोपवले. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो, तो पंच खाली उतरून बघू शकतात, हा त्यामागचा युक्तिवाद.

एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकणं फार अवघड. आंद्रे आगासीनं १९९९ साली ते केलं. नोव्हाक जोकोविचनं २०२१ आणि २०२३ असं दोनदा.

स्पर्धा नेमकी कधी सुरू झाली? कुठं १९६८ लिहिलेलं असतं, कुठं १९८६.

दोन्हींना आधार आहे. व्यावसायिक खेळाडूंना सगळ्या स्पर्धांची दारं उघडली ती १९६८ मध्ये, आणि त्या काळापासून पॅरिसमध्ये इनडोअर टेनिस होतच होतं. सत्तरच्या दशकात आर्थर अॅश, स्टॅन स्मिथ, इली नास्तासे, ब्रायन गॉटफ्रीड असे मोठे खेळाडू तिथं जिंकून गेले. पिएर द कुबर्तँ हे तिथलं जुनं सभागृह. पण ती स्पर्धा इतर चार-दोन स्पर्धांसारखीच एक होती. १९८२ साली पोलंडचा वोयचेक फिबाक जिंकला आणि त्यानंतर खंड पडला.

आज आपण जिला पॅरिस मास्टर्स म्हणतो ती १९८६ साली बर्सीच्या नव्या सभागृहात सुरू झाली. पहिला विजेता बोरिस बेकर, वय अठरा, खिशात दोन विम्बल्डन. त्यानं अंतिम सामन्यात स्पेनच्या सर्जिओ कसालला सरळ सेटमध्ये हरवलं. त्याआधीच्या दोन आठवड्यांत तो सिडनी आणि टोकियोत जिंकून आला होता. म्हणजे तीन आठवडे, तीन खंड, तीन विजेतेपदं. आजचे खेळाडू वेळापत्रकाच्या नावानं बोटं मोडतात तेव्हा हा प्रवास आठवतो.

माझ्या मते इतिहास मोजायचा तर १९८६ पासूनच मोजावा. जागा, दर्जा आणि ओळख या तिन्ही गोष्टी तिथून सुरू होतात.

बर्सी म्हणजे काय?

पॅरिसच्या पूर्व भागातला, सीन नदीच्या उजव्या काठावरचा एक विभाग. एके काळी इथं दारूची मोठमोठी कोठारं होती. देशभरातली वाइन नदीमार्गे इथं येऊन साठायची. तो व्यवहार ओसरल्यावर त्या जागेवर १९८४ मध्ये एक बहुउद्देशीय सभागृह उभं राहिलं. बाहेरून पाहिलं तर पायथ्याशी रुंद, वर निमुळता होत जाणारा आकार, आणि तिरप्या भिंतींवर चक्क हिरवळ. आत सायकल शर्यतींपासून संगीत मैफलींपर्यंत सगळं चालतं. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्स इथंच झालं.

नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये सभागृहाला हॉटेल कंपनीचं नाव मिळालं. स्पर्धेचं नावही प्रायोजकांप्रमाणे बदलत गेलं: आधी बीएनपी परिबा, २०१७ पासून रोलेक्स. खेळाडू आणि प्रेक्षक मात्र शेवटपर्यंत 'बर्सी' एवढंच म्हणत राहिले.

मुख्य कोर्टाचा थाट काही औरच होता. सभागृहात अंधार, दिव्यांचे झोत, ठोक्याचं संगीत, आणि खेळाडू एकेक करून प्रकाशात येणार. २०१२ साली नेमक्या हॅलोविनच्या दिवशी जोकोविच 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा मुखवटा घालून कोर्टावर आला. पहिला सेट ६-० जिंकला आणि मग सॅम क्वेरीकडून सामना हरला.

छपराखाली खेळल्यानं असा काय फरक पडतो?

वारा नाही, ऊन नाही, डोळ्यांवर येणारा सूर्य नाही. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला की तो दर वेळी तिथंच असतो. त्यामुळे ज्याची सर्व्हिस चांगली आणि जो चेंडू उसळताक्षणी मारू शकतो, त्याला इनडोअर टेनिस मानवतं. उंच उसळी देणारा टॉपस्पिन मारून प्रतिस्पर्ध्याला मागं ढकलणाऱ्या खेळाडूचं हत्यार इथं बोथट होतं. नदालच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. हे कोर्ट कायमचं नसतं. स्पर्धेच्या आधी सभागृहात तात्पुरता तळ बसवून त्यावर रंगाचा थर दिला जातो आणि स्पर्धा संपली की सगळं उचललं जातं. रंगात वाळूचं प्रमाण किती, यावर चेंडू किती सरपटेल हे ठरतं. म्हणून एकाच स्पर्धेचं कोर्ट दोन वर्षांत वेगळं वागू शकतं. २०२४ चं कोर्ट इतकं वेगवान होतं की खुद्द कार्लोस अल्कराझ त्याबद्दल बोलला. २०२५ चं त्या मानानं बरंच सावकाश होतं.

पूर्वी इथं गालिच्यावर खेळायचे हे खरं का?

खरं आहे, पण घरातला गालिचा डोळ्यांसमोर आणू नका. कृत्रिम धाग्याचं किंवा रबरी पाठीचं जाडसर आवरण गुंडाळी सोडून सभागृहाच्या तळावर पसरायचं, त्याला टेनिसमध्ये 'कार्पेट' म्हणत. त्यावर चेंडू खाली राहायचा आणि सर्रकन पुढं निघून जायचा. सर्व्हिस करून जाळीवर धावणाऱ्यांची त्यावर चंगळ असे. बेकर, एडबर्ग, गोरान इव्हानिसेविच, पीट सॅम्प्रस, ग्रेग रुसेडस्की ही पहिल्या बारा-तेरा वर्षांतल्या विजेत्यांमधली नावं वाचली तरी कार्पेटचा स्वभाव कळतो.

२००६ ची स्पर्धा कार्पेटवरची शेवटची. निकोलाय दाविदेन्को जिंकला. २००७ पासून हार्ड कोर्ट आलं. त्याच वर्षी अंतिम सामनाही पाच सेटऐवजी तीन सेटचा झाला. २००९ पासून एटीपीनं आपल्या मुख्य स्पर्धांतून कार्पेट पूर्णच काढून टाकलं.

पाच सेटचे अंतिम सामने गेले याची मला अजून चुटपुट आहे. २००० साली मरात साफिन आणि मार्क फिलिपूसिस पाचव्या सेटच्या टायब्रेकपर्यंत (सेट ६-६ वर अडला की निकालासाठी खेळतात तो जादा गेम) भांडले आणि तो टायब्रेकही १०-८ वर गेला. तसलं काही आता इथं घडणार नाही.

मास्टर्स १००० दर्जाची ही एकमेव इनडोअर स्पर्धा कशी उरली?

१९९० मध्ये एटीपीनं ग्रँड स्लॅमखालोखाल नऊ स्पर्धांची एक माळ तयार केली, तीच आजची मास्टर्स १०००. त्यात शरद ऋतूत युरोपातल्या दोन इनडोअर स्पर्धा होत्या. एक पॅरिस, जी कधी हलली नाही. दुसरी मात्र फिरत राहिली: आधी स्टॉकहोम, १९९५ साली एसेन, मग श्टुटगार्ट, आणि २००२ ते २००८ माद्रिद. २००९ मध्ये माद्रिदची स्पर्धा मे महिन्यात मातीवर गेली आणि ऑक्टोबरची जागा शांघायला मिळाली. शांघायची स्पर्धा खुल्या कोर्टावर होते. तेव्हापासून नऊपैकी पॅरिस ही एकटीच छपराखाली आहे.

इथं इतके अनपेक्षित विजेते कसे?

या स्पर्धेबद्दलचा हा खरा प्रश्न आणि उत्तर कॅलेंडरमध्ये आहे.

टेनिसचा हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू होतो. पॅरिस येईपर्यंत दहा महिने झालेले असतात. अव्वल खेळाडू थकलेले, कुणाचा खांदा दुखतोय, कुणाचं पोट. ज्यांनी वर्षअखेरच्या एटीपी फायनल्समधली (वर्षातल्या अव्वल आठ खेळाडूंची स्पर्धा) जागा पक्की केली आहे ते अंग राखून खेळतात. उलट ज्याला अजून काही मिळवायचं आहे, तो जीव तोडून खेळतो. या दोघांची गाठ पडली की निकाल उलटतात. हंगामाच्या शेवटाकडच्या या आठवड्याला रडतखडत चाललेला म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र या स्पर्धेची सगळी मजा त्या थकव्यातच दिसते.

२०१२ हे त्याचं ठळक उदाहरण. त्या वर्षी पॅरिसचा अंतिम सामना रविवारी होता आणि लंडनमध्ये एटीपी फायनल्स सोमवारी सुरू होत होत्या. मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही. फेडरर आलाच नाही, नदाल दुखापतीनं बाहेर, जोकोविचचं वर सांगितलंच. पोलंडचा यर्झी यानोविच, क्रमवारीत ६९ वा, पात्रता फेरीतून आला. त्यानं अँडी मरेविरुद्ध मॅच पॉइंट (जो गमावला तर सामनाच संपतो तो गुण) वाचवला, सामना जिंकला आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथं डेव्हिड फेररनं त्याला रोखलं. तिशीतल्या फेररचं ते पहिलं आणि एकमेव मास्टर्स विजेतेपद. वर्षानुवर्षं चार बड्यांच्या (फेडरर, नदाल, जोकोविच, मरे) मागं पाचवा म्हणून राबलेल्या माणसाला पॅरिसनं हात दिला.

२०१७ साली अमेरिकेचा जॅक सॉक आपल्या पहिल्याच सामन्यात निर्णायक सेटमध्ये १-५ असा मागं होता. तिथून तो सामना त्यानं टायब्रेकवर काढला, आठवडाभर जिंकत राहिला आणि अंतिम फेरीत फिलिप क्रायिनोविचला हरवून पहिल्या दहांत पोचला. त्याच विजयानं त्याला लंडनच्या एटीपी फायनल्सचं तिकीट मिळालं. तो एक गेम गेला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

२०१८ मध्ये जोकोविच आणि फेडरर उपांत्य सामन्यात तीन तास झुंजले. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जोकोविच जिंकला. दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांच्या कारेन खाचानोवनं त्याला सरळ दोन सेटमध्ये हरवलं.

आणि २०२२. डेन्मार्कचा एकोणीस वर्षांचा होल्गर रून पहिल्याच फेरीत स्टॅन वावरिंकाविरुद्ध मॅच पॉइंटवर होता, हरण्याच्या बाजूनं. तो वाचला, आणि मग त्यानं पहिल्या दहांतले पाच जण ओळीनं गारद केले: हुर्काझ, रुब्लेव, अल्कराझ, ऑजर-अलियासिम आणि अंतिम फेरीत जोकोविच. शेवटचा गेम मुद्दाम शोधून बघा. तिसऱ्या सेटमध्ये ६-५, सर्व्हिस रूनची. जोकोविचला एकामागून एक सहा ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकण्याची संधी) मिळाले. रून दर वेळी निसटला.

टिम हेन्मन (२००३), टोमाश बर्डिच (२००५), रॉबिन सॉडरलिंग (२०१०), फेरर, सॉक, खाचानोव, या सगळ्यांनी मास्टर्स दर्जाचं एकच विजेतेपद मिळवलं आणि ते इथं. दुसऱ्या कुठल्याही मास्टर्स स्पर्धेची यादी अशी भरत नाही, असं मला वाटतं.

मग जोकोविच सात वेळा कसा जिंकला?

२००९, २०१३, २०१४, २०१५, २०१९, २०२१ आणि २०२३. दमलेल्यांच्या स्पर्धेत सगळ्यात कमी दमणारा माणूस, इतकं ते सोपं आहे. २०२३ च्या आठवड्यात तर त्याचं पोट बिघडलेलं होतं. टॅलन ग्रीक्सपूर, रून आणि रुब्लेव या तिघांविरुद्ध तो तिसऱ्या सेटपर्यंत ताणला गेला, तरी अंतिम फेरीत ग्रिगोर दिमित्रोवला त्यानं सहज हरवलं. ते त्याचं चाळिसावं मास्टर्स विजेतेपद. सामन्यानंतर दिमित्रोव बाकावर बसून रडत होता आणि जोकोविच त्याची समजूत काढायला गेला.

त्याच्याखालोखाल बेकर (१९८६, १९८९, १९९२) आणि साफिन (२०००, २००२, २००४), दोघांची प्रत्येकी तीन. साफिनला सम वर्षं लाभली म्हणायची.

नदालला ही स्पर्धा एकदाही का जिंकता आली नाही?

फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकलेल्या माणसाला त्याच शहरातली ही दुसरी स्पर्धा कधीच लाभली नाही. तो एकदाच अंतिम फेरीत पोचला, २००७ मध्ये, आणि डेव्हिड नालबंदियनकडून ६-४, ६-० असा हरला. (नालबंदियन त्या शरद ऋतूत अंगात आल्यासारखा खेळत होता. काही आठवड्यांपूर्वी माद्रिदमध्ये त्यानं नदाल, जोकोविच, फेडरर तिघांनाही हरवलं होतं.)

वेगवान कोर्ट हे एक कारण. दुसरं शरीर: वर्षभर मातीवर आणि सिमेंटवर घासलेले गुडघे नोव्हेंबरपर्यंत तक्रार करायला लागत. २०१७, २०१८, २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याला पॅरिसमधून दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. २०१९ ला तर उपांत्य सामना अगदी तोंडावर असताना.

आणि फेडरर?

एकदाच, २०११ मध्ये, फ्रान्सच्या जो-विल्फ्रेड त्सोंगाला हरवून. बहुतेक वर्षी तो आधीच्या आठवड्यात आपल्या गावी, बाझेलला, खेळून दमलेला असायचा.

फ्रेंच खेळाडूंचं घरच्या मैदानावर काय?

बर्सीत तीन फ्रेंच विजेते झाले: गी फोर्जे (१९९१), सेबास्टियन ग्रोजाँ (२००१) आणि जो-विल्फ्रेड त्सोंगा (२००८).

यातलं फोर्जेचं वर्ष खास. डावखुरा, देखणी सर्व्हिस, पण मोठ्या प्रसंगी कच खातो अशी ख्याती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बर्सीत त्यानं सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरवलं. तिसऱ्या सेटनंतर तो दोन-एकनं मागं होता. तेवढ्यावर थांबलं नाही. महिन्याच्या अखेरीस ल्योंमध्ये डेव्हिस कपचा (देशादेशांमधली सांघिक स्पर्धा) अंतिम सामना, समोर अमेरिका, सभागृह पुन्हा इनडोअर. निर्णायक लढतीत पुन्हा फोर्जे विरुद्ध सॅम्प्रस, आणि पुन्हा फोर्जे जिंकला. फ्रान्सला डेव्हिस कप १९३२ नंतर पहिल्यांदा मिळाला. पुढं हाच फोर्जे बरीच वर्षं पॅरिस मास्टर्सचा संचालक होता. त्याच्यानंतर २०२२ पासून ती जबाबदारी सेड्रिक पिओलीनकडं आहे, तोही जुना फ्रेंच खेळाडू.

हुलकावण्यांचा हिशेब जास्त मोठा आहे. फोर्जे स्वतः १९९२ मध्ये, गाएल मॉनफिस २००९ आणि २०१० मध्ये, त्सोंगा २०११ मध्ये, उगो अंबेर २०२४ मध्ये अंतिम फेरीत हरले. २०१० साली मॉनफिसनं उपांत्य फेरीत फेडररचे पाच मॅच पॉइंट वाचवले आणि दुसऱ्या दिवशी सॉडरलिंगसमोर त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

प्रेक्षकांबद्दलही बोललं पाहिजे, कारण बर्सीचा गोंगाट हा स्पर्धेचा भाग होता. २०२१ साली पात्रता फेरीतून आलेला बुटका, ड्रॉप शॉटचा शौकीन उगो गास्ताँ अल्कराझविरुद्ध खेळत होता. पहिला सेट गास्ताँनं घेतला, दुसऱ्यात तो ०-५ असा मागं पडला. तिथून त्यानं ओळीनं सात गेम घेतले. प्रत्येक गुणाला सभागृह डोक्यावर घेतलं जात होतं आणि अठरा वर्षांच्या अल्कराझला काय करावं ते सुचत नव्हतं. याउलट २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे सगळी आसनं रिकामी होती. रशियाचा दानिल मेदवेदेव त्या शांततेत जिंकला.

पहाटेपर्यंत चाललेल्या सामन्याचं प्रकरण काय होतं?

२०२३ मध्ये मुख्य कोर्टावर दिवसभराचे सामने लांबत गेले आणि यानिक सिन्नरचा मॅकेन्झी मॅकडोनाल्डविरुद्धचा सामना पहाटे २ वाजून ३७ मिनिटांनी संपला. त्याचा पुढचा सामना त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता लावला होता. झोप, जेवण, मालिश, सराव हे सगळं साडेचौदा तासांत बसवायचं. सिन्नरनं माघार घेतली आणि खेळाडूंनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. दोन महिन्यांत, जानेवारी २०२४ पासून, नवा नियम आला: खास परवानगीशिवाय रात्री अकरानंतर सामना सुरू करायचा नाही, आणि एका कोर्टावर दिवसाला पाचपेक्षा जास्त सामने लावायचे नाहीत. उशिराच्या सामन्यांची ओरड इतर स्पर्धांतही होतीच; पॅरिसनं कळस केला.

बर्सी सोडलं कशासाठी?

जागा पुरेना. मुख्य कोर्टाला तोड नव्हती, पण बाजूची कोर्टं अरुंद, ठेंगण्या छताची आणि मोजक्या प्रेक्षकांची. जगातले पहिल्या वीसांतले खेळाडू तिथं खेळताना बघून चमत्कारिक वाटायचं.

२०२४ ला बर्सीत शेवटची स्पर्धा झाली. जर्मनीच्या अलेक्झांडर झ्वेरेवनं अंबेरला ६-२, ६-२ हरवलं. २०२५ पासून स्पर्धा शहराच्या पश्चिमेला नान्तेरमधल्या ला देफाँस अरीनात गेली. २०१७ मध्ये उघडलेलं हे अवाढव्य सभागृह म्हणजे रासिंग ९२ या रग्बी संघाचं घर. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये जलतरण इथंच झालं आणि लेओं मार्शांनं चार वैयक्तिक सुवर्णपदकं याच छपराखाली जिंकली. टेनिससाठी मुख्य कोर्टाभोवती सुमारे १७,५०० आसनं मांडतात आणि बाकीची कोर्टंही त्याच छपराखाली बसतात.

पहिल्या वर्षी अल्कराझ पहिल्याच सामन्यात कॅमेरॉन नॉरीकडून हरला, आणि सिन्नर एकही सेट न गमावता विजेता ठरला. अंतिम फेरीत त्यानं फेलिक्स ऑजर-अलियासिमला ६-४, ७-६ असं हरवून क्रमवारीतलं पहिलं स्थान परत मिळवलं.

पहिल्या स्थानाचा आणि पॅरिसचा असा वारंवार संबंध का येतो?

वर्षाच्या शेवटाकडं इतके गुण एकगठ्ठा मिळण्याची ही अखेरच्या संधींपैकी एक, म्हणून. २०१६ साली मिलोश राओनिचनं उपांत्य सामन्याआधी माघार घेतली आणि अँडी मरे न खेळताच जगातला अव्वल खेळाडू बनला. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश पुरुष. दुसऱ्या दिवशी जॉन इस्नरला हरवून त्यानं स्पर्धाही जिंकली. २०२१ मध्ये जोकोविचनं इथंच सातव्यांदा वर्षअखेरचं पहिलं स्थान नक्की करून सॅम्प्रसचा विक्रम मोडला.

भारतीय खेळाडूंचं इथं काही नाव आहे का?

दुहेरीत आहे, आणि चांगलं आहे. १९९८ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती जिंकले. मग २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षं विजेत्या जोडीत किमान एक भारतीय होता: आधी भूपती आणि मॅक्स मिर्नी, नंतर रोहन बोपण्णा आणि पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी, आणि २०१२ मध्ये भूपती-बोपण्णा. त्या शेवटच्या अंतिम सामन्यात जाळीपलीकडं कोण होतं? कुरेशीच, नव्या जोडीदारासोबत. लंडन ऑलिम्पिकच्या जोड्यांवरून भारतीय टेनिसमध्ये रामायण झालं त्याच वर्षीची ही गोष्ट.

बोपण्णाचं पॅरिसशी नातं पुढंही राहिलं. मूळचा कोडगूचा असला तरी तरुणपणी तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडं घडला, त्यामुळे पुणेकर त्याच्यावर थोडा हक्क सांगतात. २०२३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डनबरोबर तो इथं पुन्हा अंतिम फेरीत होता. सुपर टायब्रेकवर (दुहेरीत तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो दहा गुणांचा टायब्रेक) हरला. २०२५ मध्ये अलेक्झांडर बुब्लिकला साथीला घेऊन तो नान्तेरच्या कोर्टावर उतरला. पहिल्याच फेरीत पराभव झाला, तोही सुपर टायब्रेकवर, आणि त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, त्यानं निवृत्ती जाहीर केली. एकेरीत मात्र भारतीय नाव इथं शोधायला जाऊ नका.

भारतात सामने किती वाजता बघायचे?

युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागं जातात, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या काळात पॅरिस आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. तिथं सकाळी अकराला खेळ सुरू झाला तर इथं दुपारचे साडेतीन. संध्याकाळच्या सत्रातला पहिला सामना सातला असेल तर आपल्याकडं रात्री साडेअकरा, आणि त्यानंतरचा सामना बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच टाकून ठेवा.